चाळीस पाकिटांचं परदेशी वाण

मी तीस वर्षं अळ्या मारायची औषधं विकली आणि यंदाच्या संक्रांतीला चाळीस पाकिटं अळ्या गावात वाटल्या. पहिलं काम पोटासाठी केलं. दुसरं, पाकीट फार सुंदर होतं म्हणून झालं.

वडीगोद्रीला हायवेच्या कडेला माझं कृषी सेवा केंद्र आहे. बियाणं, खतं, औषधं. दुकानात पाय टाकला की समोरच्या भिंतीवर पाटी दिसते : ‘चित्र उगवत नाही. पाकीट उलटं करून वाचा.’ ही पाटी मी स्वतः शेजारी उभा राहून रंगवून घेतली आहे. कपाशीच्या बियाण्याच्या पाकिटावर नारळाएवढं बोंड छापलेलं असतं, शेतकरी ते बघून हरखतो, आणि मी पाकीट त्याच्या हातातून घेऊन उलटं करतो. “हे बघ. लॉट नंबर, उगवण, तारीख. बोंडाकडं काय बघून राह्यला?” हे वाक्य मी झोपेतही बोलतो, असं मंदा म्हणते. (मंदा म्हणजे माझी बायको. ती खोटं बोलत नाही, आणि हीच माझी मुख्य अडचण आहे.)

खरं म्हणजे दुकान मंदाच चालवते. मी भाषण करतो, ती माल देते. त्यामुळे ठरलेला माल खपवल्याबद्दल बियाणं कंपनीकडून आम्हाला थायलंडची सहल लागली, तेव्हा ती तिचीच होती. पण जागा एकच होती, आणि दुकानाचा परवाना ज्याच्या नावावर त्यालाच विमानात बसवणार होते. परवाना माझ्या नावावर.

“जा तुम्ही,” मंदा म्हणाली. “मला कुठं सवड है?”

सवड नसलेल्या या बाईनं पासपोर्ट मात्र आदल्या वर्षीच काढून ठेवला होता. तो कपाटात साड्यांच्या घडीखाली होता, आणि हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मला फार वाईट वाटलं. इतकं वाईट वाटलं की मी लगेच बॅग भरायला घेतली.

“तुला काय आणू?” मी विचारलं.

“मला काई नको. संक्रांतीचं वाण आणा. चाळीस नग, सगळे सारखे. असं वाण आणा, की बायांनी दहा वर्षं नाव काढलं पाहिजे.”

या मागणीमागे दुखणं होतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका एकमेकींना जी वस्तू लुटतात, त्या वाणावरून आमच्याकडे घराची पत ठरते. माझी थोरली वहिनी अंकुशनगरला साखर कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहते. तिनं मागच्या संक्रांतीला स्टीलचे झाकणाचे डबे दिले, त्यावर नाव कोरून. मंदानं चहाच्या गाळण्या दिल्या. पहिल्याच उकळत्या चहात त्या गाळण्या वितळल्या. वर्षभर कुणाकडेही चहाला गेलं की कपाकडे बघून कुणीतरी म्हणायचं, “मंदाची गाळणी न्हाई ना ही?” आणि मंदा हसायची, घरी येऊन भांडी जोरात आपटायची. (गाळण्या मीच आणल्या होत्या. गुलाबी रंग फार छान होता.)

तर मी थायलंडला गेलो. आमच्या ग्रुपमध्ये तीसेक दुकानदार, आणि प्रत्येकाच्या बॅगेत धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. बाहेरचं काही खायची गरज नव्हती. पण तिथल्या दुकानांत पाकिटं अशी मांडलेली असतात की माणसाला भूक लागते ती डोळ्यांना. दुसऱ्याच दिवशी मला एक बाटली दिसली. वर हिरवागार ऊस छापलेला. परमुलखात ऊस बघून मला गावचं माणूस भेटल्यासारखं झालं. दुकानाच्या दारातच मी अर्धी बाटली एका दमात घशाखाली घातली.

ते उसाचं व्हिनेगर होतं. स्वयंपाकात थेंब-थेंब घालायचं.

माझ्या डोळ्यांतून, नाकातून, मला वाटतं कानांतूनही पाणी आलं. भोकरदनचे काळे म्हणून एक दुकानदार माझ्या खोलीत होते, ते माझी पाठ चोळत म्हणाले, “शेठ, मागं वाचायचं ना.”

“मागं त्यांच्या भाषेत है,” मी खोकत म्हणालो.

“खाली इंग्रजी है की.”

शहाण्या माणसानं इथं थांबायला पाहिजे होतं. मी एवढाच धडा घेतला की परदेशात पातळ काही घ्यायचं नाही, कोरडं घ्यायचं.

शेवटच्या दिवशी मला ते पाकीट दिसलं. सोनेरी कागद. वर रेशमी वस्त्र नेसलेली एक बाई, हात जोडलेले, मान किंचित झुकलेली, चेहरा इतका सात्त्विक की पाकिटालाच नमस्कार करावा. तिच्या पायाशी हिरवी पानं, आणि पानांवर पांढरेशुभ्र लांबट गोल दाणे. हलवा! संक्रांतीचा हलवा, जरा मोठ्या आकाराचा. मला भरून आलं. एवढ्या लांबच्या लोकांनी आमच्या संक्रांतीसाठी पाकीट छापून ठेवलं होतं.

“चाळीस,” मी दुकानातल्या पोरीला बोटांनी सांगितलं. मग स्वतःसाठी एक वाढवलं.

पोरगी घाबरली. तिनं एक पाकीट उलटं केलं आणि मागच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. मी ते पाकीट तिच्या हातातून घेऊन सुलटं केलं, बाईच्या चित्रावर बोट ठेवलं आणि हात जोडले. तिनं मान हलवली. मग एक बोट उभं धरलं, ते वाकवलं, सरळ केलं, पुन्हा वाकवलं, सरळ केलं. माझी समजूत झाली, की सावकाश खायचं असतं.

“होय होय,” मी मराठीत म्हणालो, “हळूहळूच खाणार.”

तिनं आतून दुसऱ्या पोरीला बोलावलं, चाळीसचा ढीग दाखवला, मग मला दाखवलं. दोघींनी माझ्याकडे ज्या आदरानं पाहिलं त्या आदरानं गावात माझ्याकडे कुणी कधी पाहिलेलं नाही. मी छाती काढून बाहेर पडलो.

घरी बॅग उघडली तेव्हा मंदानं एक पाकीट हातात घेतलं. पदरानं त्यावरची नसलेली धूळ पुसली. “बाई किती छान है,” ती हळूच म्हणाली. “हे मला सुचलं नसतं.” आमच्या संसारात हे वाक्य ती प्रथमच बोलली होती.

“एक फोडून बघू का?” मी म्हणालो.

“वाण आधी उष्टं करतेत का? बायांना देऊ द्या. मंग तुमचं ते जास्तीचं फोडा.”

हळदीकुंकवाच्या दिवशी मी मधल्या खोलीत बसून पडद्याच्या फटीतून बघत होतो. अत्तर झालं, गुलाबपाणी झालं, ओट्या झाल्या. मग मंदानं परात आणली. सोनेरी पाकिटांची रास दिव्याखाली अशी चमकली की बायकांचं बोलणं बंद पडलं. “थायलंडचं है,” मंदा म्हणाली, जसं काही हा शब्द ती रोज वापरते. बायका पाकीट कपाळाला लावून घ्यायला लागल्या. गाळणीचं नावही कुणी काढलं नाही.

फक्त वहिनीनं पाकीट उलटं केलं. चाळीस बायकांत माझी पाटी पाळणारी ती एकटी निघाली.

“मंदा, मागं बारीक लिवलंय कायतरी.”

“असंल तारीखबिरीख, आक्का.”

“असंल,” वहिनी म्हणाली आणि पाकीट पिशवीत घातलं.

रात्री मंदानं मला तिळाची पोळी वाढली. वर तूप. मी नको म्हणण्याआधी आणखी तूप. “आक्का एक शब्द बोलल्या न्हाईत,” ती म्हणाली, आणि एकटीच हसली. ती अशी कधी हसली होती ते आठवायला मला मागं खूप जावं लागलं. तिला विमानात बसवलं नाही हे माझ्या मनात सलत होतं, ते त्या तुपानं जरा निवळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रशीदभाई दुकानात आले. त्यांची शिवारात तुतीची बाग आहे, शेडमध्ये रेशमाच्या अळ्या वाढवतात आणि कोष जालन्याच्या बाजारात नेतात. जुना दोस्त. मी चहा मागवला आणि जास्तीचं पाकीट फोडलं. आतून हलवा निघाला नाही. तपकिरी, सुरकुतलेलं, लांबट काहीतरी निघालं. खारकेचा प्रकार असावा म्हणून मी दोन तोंडात टाकले आणि मूठभर त्यांच्या तळहातावर ठेवले.

रशीदभाईंनी खाल्लं नाही. बोटानं एकेक दाणा उलटापालटा करून बघत राहिले.

“शेठ, हे कुठून आणलं?”

“थायलंड. खा ना.”

“मी रोज पाला टाकतो ह्याला.”

“कशाला?”

“ह्याला,” त्यांनी एक दाणा माझ्याकडे ढकलला. “अपनी रेशीम आळी है ही. कोष उकळून धागा काढला की आत जी राहते ना, बिलकुल तीच. मसाला लावेल है वरून.”

मी चावायचं थांबलो. (चव वाईट नव्हती. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.)

“मंग हा पांढरा हलवा?” मी पाकिटावरचं चित्र दाखवलं.

“कोष हैत, शेठ. अन् ही पानं तुतीची.”

“तुमाला नक्की माहीत है?”

रशीदभाईंनी नुसती मान वर करून भिंतीवरच्या पाटीकडे बघितलं. मी पाकीट उलटं केलं. खाली इंग्रजीत रेशीम अळीचा शब्द होता. तो मी ओळखतो. औषधाच्या बाटलीबरोबर जे पत्रक येतं त्यात असतो : रेशीम अळीला घातक, तुतीच्या बागेजवळ फवारू नये. तीस वर्षं मी तो शब्द लोकांना बोट ठेवून दाखवत आलो आहे.

“भाभींना सांगून टाका,” रशीदभाई म्हणाले. “बाया खाऊन मरत न्हाईत. पन तुमच्या वहिनी माळकरी हैत ना?”

“चाळीसातल्या निम्म्या माळकरी हैत.”

“मंग जल्दी सांगा.”

मला तूप आठवलं. ते एकटीच हसणं आठवलं. गाळणीचं वर्ष नुकतं संपलं होतं, आणि आता बायका कपाकडे न बघता थेट तिच्या तोंडाकडे बघणार होत्या. मंदा घरी परातीसुगडी आवरत होती, अकरापर्यंत दुकानात येणार नव्हती. तेवढ्यात सगळी पाकिटं गोळा केली तर तिला कळण्याचं कारण नव्हतं. रशीदभाईंना गल्ल्यावर बसवलं, गोदामातून रिकामं पोतं घेतलं आणि कंपनीकडून पावसाळ्यासाठी आलेल्या छत्र्यांचा खोका मोटारसायकलीला बांधला. फोडलेलं पाकीट काउंटरवर तसंच राहिलं. तेवढं एक मी विसरलो.

पहिलं घर पाटलाच्या काकूंचं.

“काकू, कालचं वाण जरा परत लागत होतं.”

काकूंच्या हातातला झाडू तसाच राहिला. “दिलेलं वाण परत? मंदा बरी है ना?”

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मी काय मागतो आहे. सौभाग्याचं वाण. ते देणारीनं परत मागायचं म्हणजे सौभाग्यच परत मागायचं, आणि तिथं सौभाग्य या नात्यानं मीच उभा होतो, हातात पोतं घेऊन.

“बरी है,” मी घाईनं म्हणालो. “लॉट फेल गेलाय.”

“कशाचा?”

“हलव्याचा. कंपनीनं माघारी मागवलाय. बदल्यात ही छत्री देऊन राह्यलेत.”

काकूंनी जानेवारीच्या स्वच्छ आभाळाकडे बघितलं, छत्री घेतली आणि पाकीट दिलं. आपल्याला हे सुचलं याचं मला फार कौतुक वाटलं. दुसऱ्या घरी छत्री दिली, पाकीट घेतलं. तिसऱ्या घरी बाई दारातच फोन कानाला लावून उभ्या होत्या, आणि मला बघून त्यांनी फोन पदराखाली धरला.

“भाऊ, छत्री देऊन पाकीट घ्यायलेत म्हणजे आत कायतरी असंल ना?”

“काई न्हाई हो. लॉट फेल है.”

“मागच्या साली कंपनीच्या बियाण्यात कूपन निघाल्तं. आमच्या नणंदेला मिक्सर लागला. ते बी तुमच्याच दुकानातलं पाकीट.”

“ह्याच्यात कूपन न्हाई.”

“मंग परत का मागायलेत?”

याला माझ्याकडे खरं एकच उत्तर होतं, आणि ते मला द्यायचं नव्हतं. मी गप्प बसलो. माझ्या गप्प बसण्यानं बाईंची खात्री पटली. त्यांनी माझ्यादेखत दार लावून घेतलं आणि आतून कागद फाडल्याचा आवाज आला.

पुढची दहा मिनिटं मी मोटारसायकलीवर होतो आणि बातमी फोनवर होती. मी हरलो. चौथ्या घरी मला दोन छत्र्या मागितल्या. पाचव्या घरी सांगितलं, कूपन आमचं, पाकीट तुमचं, आधी बघू द्या. सातव्या घरी पोचलो तेव्हा तिघी-चौघी ओसरीवर सुपात पाकिटं रिकामी करून तांदूळ निवडावेत तशा बसल्या होत्या. काल संध्याकाळी जी पाकिटं कपाळाला लावून देवासमोर ठेवली होती, जी कदाचित महिनाभर कुणी फोडलीच नसती, ती मी, एकाच सकाळी, छत्र्या वाटून, फोडायला लावली होती.

“कूपन दिसंना, भाऊ,” एक जण सुपातून मान वर न करता म्हणाली. “पन हे काय है? ह्याला डोळे हैत.”

“मसाला है,” मी म्हणालो.

“मसाल्याला डोळे?”

मी छत्र्या तिथंच ठेवल्या आणि निघालो. वाटेत गंगूमावशीनं अडवलं. त्यांना पंच्याहत्तर वर्षं झाली असतील, दात तीन. त्यांनी रात्रीच सगळं पाकीट भाकरीबरोबर संपवलं होतं. “ग्वाड न्हवतं, पन चव होती,” त्या म्हणाल्या. मग काळजीनं माझा हात धरला. “पर बाबा, कूपन गिळलं का काय मी?”

मी त्यांना न्हाई म्हणालो. एवढं एक त्या दिवशी खरं बोललो.

गाव हातचं गेलं होतं. पण वहिनीचं पाकीट परत आलं तर निदान अंकुशनगरला मंदाची लाज राहील, एवढ्या आशेवर मी उसाच्या ट्रॅक्टरांमधून वाट काढत कारखान्याच्या क्वार्टरला गेलो. वहिनी तुळशीला पाणी घालत होती. गळ्यात माळ, कपाळाला बुक्का. गेल्या तीस वर्षांत तिच्या घरात अंडंसुद्धा आलेलं नाही.

“बसा भावजी. कायचं काम काढलं?”

“वहिनी, कालचं ते वाण...”

“मला ठाऊक है काय है ते. नातीनं कालच वाचून दाखवलं.”

मी पोतं खाली ठेवलं. “मंग बोलल्या का न्हाईत?”

“हळदीकुंकवाला गेलेल्या बाईनं चारचौघींत असं बोलायचं असतं का?”

मी हात जोडले. इतकी वर्षं आम्ही या बाईला खडूस म्हणत आलो होतो. “वहिनी, तुमचे उपकार झाले,” मी म्हणालो. “द्या ते पाकीट. मी दूर नेऊन टाकतो.”

“वाण है. वाण परत देत न्हाईत.”

ती आत गेली आणि स्टीलचा डबा घेऊन आली. मागच्या संक्रांतीचा, नाव कोरलेला. झाकण उघडून मला दाखवलं. आत सोनेरी पाकीट होतं, न फोडलेलं, वर कापराच्या दोन वड्या. तिनं झाकण दाबून लावलं.

“राहू द्या माझ्यापाशी,” वहिनी म्हणाली. “बायांत मंदाच्या वाणाचा विषय निघंल तवा दाखवाया बरं पडंल.”

छत्री मात्र तिनं घेतली.

मी परत आलो तेव्हा बारा वाजून गेले होते. दुकानासमोर बायका जमल्या होत्या. काही जणींच्या हातात फाटकी सोनेरी पाकिटं, काही जणींच्या हातात छत्र्या. रशीदभाई खताच्या पोत्यांआड शक्य तितके मागं सरकले होते. आणि गल्ल्यावर मंदा. तिच्यासमोर ते फोडलेलं पाकीट होतं, उलटं ठेवलेलं. हात जोडलेल्या बाईचं तोंड खाली.

“आळ्या हैत,” मंदा सांगत होती. आवाज चढलेला नव्हता. “रेशमाच्या. ज्यांनी खाल्ल्या त्यांनी भिऊ नका, रशीदभाईनं सांगितलंय, अपाय काई न्हाई. कूपनबिपन काई न्हाई. ज्या माळकरी हैत त्यांनी मला माफ करा. वाण मी दिलं. चूक माझी है.”

चूक कुणाची ते तिथल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. पोतं खांद्यावर घेऊन ती चूक मागंच उभी होती. एका बाईनं तोंडाला पदर लावला, तो ओकारीसाठी की हसण्यासाठी ते मला अजून कळलेलं नाही. दोघी-तिघींनी गळ्यातली माळ हातात धरली. काकूंनी माझी छत्री काउंटरवर ठेवली आणि न बोलता गेल्या, आणि त्या न बोलता जाण्याचंच मंदाला लागलं, मी बघितलं.

बायका पांगल्यावर मी म्हणालो, “मी बघ, एक फोडून बघू का म्हनलं होतं. तूच म्हनली, वाण उष्टं...”

“इथं आणल्यावर न्हाई,” मंदा म्हणाली. “तिथं. तिथं फोडून बघायचं होतं.”

“पाकीट चांगलं होतं गं.”

“गाळणी बी चांगली होती.” ती उठली, पावती-पुस्तक सरळ केलं, पेन टोपणात घातलं. “मी असते तर मागं वाचलं असतं,” ती म्हणाली आणि घरी गेली.

मला रागावली असती तर चाललं असतं. भांडी आपटली असती तरी चाललं असतं. त्या दिवशी आमच्या घरात भांड्याचा आवाज झाला नाही. दुकानात ती माझ्याशी बोलायची ते एवढंच : युरिया आला का, शटर कोण लावणार. मी दुकानाचा परवाना तिच्या नावावर करायला कागद दिले, ते हातात घेऊन ती म्हणाली, “आधी मागची बाजू वाचते.” वाचली. मग सही केली. पासपोर्ट आता साड्यांखाली नसतो, गल्ल्यात असतो, चिल्लरीच्या शेजारी, मला दिसेल असा.

पाऊस पडला, पेरण्या झाल्या. (छत्र्या गावभर दिसायला लागल्या. एकेक उघडली की मी दुसरीकडे बघतो.) मागच्या आठवड्यात दुकान भरलेलं असताना गंगूमावशीचा मुलगा आला. मंदा गल्ल्यावर होती.

“शेठ, सोयाबीनवर आळी पडलीया,” तो गंभीर तोंडानं म्हणाला. “फवारू, का संक्रांतीपातूर जपून ठेवू?”

सुरुवातीला दुकानात कुणी हसलं नाही. सगळे मंदाकडे बघत होते. आणि मंदा हसली. आधी नाकातून, मग तोंड दाबून, मग पावती-पुस्तकावर डोकं टेकून. सात महिन्यांनी. मग डोळे पुसत ती त्याला म्हणाली, “जपून ठेवायची असंल तर आमच्या यांना दाखवा. यांना पाकीट चांगलं निवडता येतं.”

आता पंचक्रोशीतलं प्रत्येक गिऱ्हाईक हेच विचारतं. अंबडच्या बाजारात लोक मला ओळखत नाहीत, पण त्या वाणाला ओळखतात. बदनापूरला मंदाच्या माहेरी गेलो तर तिथंही गोष्ट आधीच पोचलेली होती, आणि वहिनीचा डबा अजून उघडायचाच आहे. बायांनी दहा वर्षं नाव काढावं असं वाण मंदानं मला आणायला सांगितलं होतं. ते मी आणलं. दहा वर्षांतले आत्ता कुठं सात महिने झालेत.